नारूचं दूध

जंजिरा संस्थानात मी सतरा वर्षं देवी टोचल्या. दंडावर ओरखडे काढायचे, त्यावर लस लावायची आणि पोराचा आकांत ऐकत पुढच्या पोराकडे वळायचं, हाच माझा धंदा. लोक मला देवीडॉक्टर म्हणत. मी गावात शिरलो की आया पोरांना माळ्यावर चढवत आणि बाप मला ओटीवर बसवून पोरं आजोळी गेल्याचं सांगत. म्हणजे मी डॉक्टर नावापुरताच. त्या किनाऱ्यावर खरं वैद्यक एका बाईच्या हातात होतं आणि तिला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. ती खाजणवाडीची जहुराबी. श्रीवर्धनपासून दोन कोसांवर राहायची आणि लोकांचे नारू काढायची.

ज्याने नारू पाहिला नाही त्याने देवाचे आभार मानावेत. शेवईएवढा जाड, दीड-दोन हात लांब असा पांढरा किडा माणसाच्या पायात मुकाट्याने वाढतो. मग एक दिवस घोट्यापाशी फोड येतो. निखारा ठेवल्यासारखी आग होते. फोड फुटला की आतून किड्याचं तोंड दिसतं. दिसलं म्हणून ओढायचं मात्र नाही. ओढलं की तुटतो, तुटला की उरलेला आतच सडतो आणि माणूस सहा महिने अंथरुणाला खिळतो. नशीब फुटकं असेल तर जन्माचा लंगडा होतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९२५ च्या चैत्रात माझ्याच डाव्या घोट्याला नारू झाला. सरकारी औषधांची पेटी खांद्याला लावून हिंडणाऱ्या माणसाला नारू व्हावा याची मला इतकी लाज वाटली की चार दिवस मी पायमोजा घालून फिरलो. पाचव्या दिवशी चालवेना. मग गुपचूप खाजणवाडी गाठली.

जहुराबी पडवीत सुपारी सोलत बसली होती. पंचेचाळिशीची शिडशिडीत बाई. नवरा बसऱ्याला जाणाऱ्या गलबतावर खलाशी होता, तो तिकडेच तापाने गेला होता. घरात ती आणि तिची मुलगी फिरोजा, दोघीच. माझा पाय तिने मांडीवर घेतला, इकडून तिकडून बघितला आणि म्हणाली, "सरकारी पायालाबी नारू लागतो, ह्ये म्हायती नव्हतं."

तिने फिरोजाला पाणी आणायला सांगितलं. पोरीने मडक्यावर बांधलेल्या मलमलीच्या दुपदरी फडक्यातून गाळलेलं पाणी दिलं. मी कौतुकाने विचारलं, तर कळलं की ही त्या खलाशाची सवय. गलबतावरच्या लाकडी टाकीतलं पाणी महिनाभरात वळवळायला लागतं, म्हणून खलाशी ते डोक्याच्या फडक्यातून गाळून पितात. नवरा गेला, सवय मागे राहिली. मोहल्ल्यातल्या बायका त्यावरून तिची थट्टा करत की बाईला जमिनीवरही गलबत लागतं.

मग तिने मला गावच्या बावीवर नेलं. जांभ्या दगडाच्या बावीस पायऱ्या उतरून खाली पाणी. उन्हाळा असल्यामुळे पाणी तळाला गेलं होतं आणि बायका शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभ्या राहून हंडे बुडवत होत्या. तिथंच बाजूला मला बसवून तिने माझा पाय पाण्यात सोडला. आग थांबली. इतकं बरं वाटलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळाने फोडातून किड्याचं तोंड बाहेर सरकलं आणि त्यातून दुधासारखं काहीतरी पाण्यात सुटलं, पसरलं, विरून गेलं.

"सुटला," जहुराबी म्हणाली. "दूध टाकलान का नारू ढिला पडतो. आतलं जहर भाईर येतं."

बिस्मिल्ला म्हणून तिने नारळाच्या झापाची हीर, म्हणजे पात्यामधली काडी, घेतली, किड्याचं तोंड तिला हलकेच अडकवलं आणि दोन बोटं गुंडाळून थांबली. उरलेला उद्या. असं अठरा दिवस चाललं. तिच्या बोटांना घाई म्हणून ठाऊक नव्हती. अठराव्या दिवशी अख्खा नारू हिरीवर होता आणि मी माझ्या पायाने बावीच्या बावीस पायऱ्या चढलो. चढण्याआधी त्याच पाण्याची ओंजळ भरून प्यायलो, हेही आत्ताच सांगून टाकतो.

त्या अठरा दिवसांत मला किड्याचा जितका त्रास झाला नाही तितका जहुराबीच्या प्रश्नांचा झाला. हात हिरीवर आणि तोंड माझ्याकडे. लस वासरापासून काढतात, मग माणसाला शिंगं कशी फुटत नाहीत? एकदा टोचलं की देवी अंगावर येत नाही, हे देवीला कोण सांगतं? मी थातुरमातुर उत्तरं देत असे आणि ती उत्तर कच्चं आहे हे ओळखून पुढचा प्रश्न टाकत असे. एके दिवशी तिने विचारलं की हा नारू येतो कुठून. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की दूषित हवेतून.

"हवा तर मलाबी लागते," ती म्हणाली. "मला कवा झाला न्हाय. माझ्या लेकीलाबी न्हाय."

लोकांकडे याचं उत्तर तयार होतं. नारू जहुराबीला भितो, म्हणत. तिच्या हाताला गुण आहे. ती हसून सोडून देई, पण मनातून तिलाही ते थोडं पटलेलं असावं. आपण चांगले आहोत असं सगळं गाव म्हणत असेल तर कोण कशाला वाद घालील?

त्याच पावसाळ्यात वरच्या कचेरीतून नारूविषयी एक छापील पत्रक आलं. चार पानं, मराठीत, गावोगाव वाचून दाखवावं असा हुकूम. माझा नारू नुकताच निघाला होता. मला वाटलं, ह्या कागद काळे करणाऱ्यांपेक्षा नारू मला जास्त कळतो. पेटीत लशीच्या बाटल्या एकमेकींवर आपटून खडखडत, त्यांच्यामध्ये मी ते पत्रक घडी घालून बसवलं. खडखड थांबली. माझ्या दृष्टीने पत्रकाचा उपयोग झाला.

१९२८ च्या वैशाखात फिरोजाचं लग्न झालं. उंडीवाडी हे दिवेआगरच्या अलीकडचं गाव, खाजणवाडीपासून पाच कोस. तिथले मोहम्मद म्हणजे बडी आसामी. दोन गलबतं आणि सुपारीची वाडी बाळगून होते. त्यांचा मुलगा मुश्ताक बापाच्याच गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. मुश्ताकची आई अख्तरुन्निसा जरा करड्या स्वभावाची, पण फिरोजा त्यांना पसंत पडली. विधवेची पोर अशा घरात गेली म्हणून साऱ्या मोहल्ल्याने बोटं तोंडात घातली. फिरोजाला बाप नव्हता, तेव्हा निकाहात वकील म्हणून तिचा मामा करमअली उभा राहिला. हा जहुराबीचा सख्खा धाकटा भाऊ.

निकाह खाजणवाडीत झाला आणि वलीम्याची, म्हणजे वराकडची, दावत उंडीवाडीला. मलाही बोलावणं होतं. माझ्यासाठी शहाळी आणि पेढे वेगळे काढून ठेवले होते. मोहम्मद आम्हा पाहुण्यांना आपली बाव दाखवायला घेऊन गेले. त्यांच्या आजोबांनी पुण्यकर्म म्हणून ती खोदवली होती, पायऱ्या इतक्या रुंद की चार बायकांनी हंडे घेऊन एकदम उतरावं. ह्या पाण्याने आजवर कुणाला अपाय झाला नाही, उंडीवाडीने नारू डोळ्यांनी पाहिलेला नाही, असं ते छाती फुगवून सांगत होते.

तो नारू त्याच दिवशी त्यांना दिसला. करमअलीने घोट्याचा फोड आठवडाभर लपवला होता, भाचीच्या दावतीत खंड नको म्हणून. बैलगाडीच्या हिसक्यांनी तो फुटला आणि बिचारा मांडवात बसल्या जागी कळवळायला लागला. जहुराबीने पदर खोचला, भावाला धरून त्या रुंद पायऱ्या उतरली आणि त्याचा पाय पाण्यात सोडला. बघायला सगळं गाव काठावर जमलं. दूध सुटलं, तिने बिस्मिल्ला म्हटलं, हीर फिरली. करमअलीच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. अख्तरुन्निसांनी स्वतः खाली उतरून विहिणीच्या खांद्यावर नवीकोरी ओढणी घातली. त्या दिवशी जहुराबीइतकी सुखी बाई साऱ्या किनाऱ्यावर नसेल. आपलं कसब लेकीच्या सासरी सगळ्यांदेखत दिसलं, याहून आईला काय हवं?

पुढच्या वैशाखात फिरोजा एक ट्रंक घेऊन माहेरी परत आली.

उंडीवाडीत नारू निघाला होता. एक नाही, दोन नाही, चौदा माणसांना. मोहम्मदना झाला, धाकट्या दिराला झाला, अख्तरुन्निसांच्या तर गुडघ्याला झाला. ज्या गावाने नारू पाहिला नव्हता त्या गावात एका वर्षात चौदा, आणि त्या वर्षात गावात नवीन काय आलं होतं, तर सून. त्यातून सगळं घर आडवं झालेलं असताना एकटी तीच धडधाकट. पांढऱ्या पायाची, म्हणाले लोक. अख्तरुन्निसांनी सांगितलं की पोरीने माहेरी जावं. मुश्ताक मंगळुरी कौलं आणायला दक्षिणेला गेला आहे, पावसाच्या तोंडावर गलबत परत येईल, तेव्हा काय तो निकाल लावू. तलाक हा शब्दही घरात कुणीतरी उच्चारला होता.

म्हणजे हातात महिनाभर होता. मी भेटायला गेलो तेव्हा फिरोजा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. जहुराबी रडत नव्हती. ती लेकीच्या पायांकडे बघत होती, एखादी निसटलेली गाठ शोधावी तशी.

"पायात काय न्हाय हिच्या," ती मला म्हणाली. "पन कायतरी हाय. चौदा जनांना उगाच व्हत न्हाय. मला बघू दे."

गंमत अशी की उंडीवाडीहून तिलाही बोलावणं आलं होतं. लेक नको होती, पण नारू काढायला आई हवी होती. मला तिथं टोचणीची फेरी करायचीच होती. आम्ही एकाच गाडीने गेलो.

पहिल्या दिवशी तिने कुणाचाही पाय पाण्यात घातला नाही. लोक कुरकुरले. ती माझ्याबरोबर घरोघर फिरली. मी पोरांना टोचत होतो आणि ती मोठ्यांना विचारत होती. फोड कधी आला, निजता कुठं, मासळी कुणाकडची, खाजणाच्या चिखलात काम करता का, वाडीत अनवाणी जाता का. तेच प्रश्न, घरोघरी. तीन दिवसांत मला त्या प्रश्नांचा वीट आला. मी म्हटलं, जहुराबी, ह्याने काय निघणार? ती म्हणाली की नारूही एका दिवसात निघत नाही, दोन बोटंच निघतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही वहाळापलीकडे कुणब्यांच्या वाडीवर गेलो. सतरा-अठरा घरं, आणि नारू एकालाही नाही. हवा तीच, मासळी तीच, मोहम्मदांच्या वाडीत मजुरीला जाणारी माणसंही तीच. रावजी म्हणून तिथला म्हातारा होता, त्याची बायको सोनाबाई. जहुराबीने तिला विचारलं की पाणी कुठलं पिता. सोनाबाईने घरामागची विहीर दाखवली. अरुंद, खोल, काठाला रहाट.

"आमची अशीच," सोनाबाई म्हणाली. "पायऱ्या न्हायत. दोरीनं वढायचं. हात भरून येत्यात बाय, तुमच्या बावीसारखं सुख न्हाय."

जहुराबी त्या विहिरीच्या काठाला हात टेकून किती वेळ आत बघत राहिली. खाली काळं पाणी आणि तिचाच चेहरा, दुसरं काही नव्हतं. परत येताना बांधावरून चालता चालता ती बोटं मोडत होती. मी समजलो की शिव्या देते आहे. पण ती महिने मोजत होती. दावतीपासून पहिल्या फोडापर्यंत अकरा महिने आणि वर काही दिवस.

"घोडी शिंगरू पोटात येवढेच दिस वागवते," ती म्हणाली. "ह्ये पायात आलेलं न्हाय, डागदर. ह्ये पोटात गेलेलं हाय. पोटात वरीस काढून मग पायात उतरतं."

मग पोटात जे जातं त्यात दोन वाड्यांमध्ये फरक कसला? पाण्याचा. पण फिरोजा तर त्याच बावीचं पाणी पीत होती. हे माझ्या मनात आलं तोवर तिच्या मनात पुढचं येऊन गेलं होतं. फिरोजा सासरीही स्वतःचं पाणी गाळून पीत होती. सासूने नावं ठेवली तरी आईची सवय तिने सोडली नव्हती. दोघी गाळत होत्या आणि दोघींना झाला नव्हता. नारू जहुराबीला भीत नव्हता तर. तो एका फडक्याला अडत होता.

तिथं ती थांबली. मी दहा पावलं पुढे गेलो आणि मागे वळलो. उन्हात उभी होती, चेहरा उतरलेला.

"डागदर," ती म्हणाली, "नारू दूध टाकतो, त्ये जातंय कुटं?"

मी पेटीचा पट्टा सावरला. आणि मग एकदम लख्ख आठवलं की उत्तर माझ्याकडे आहे, चार वर्षं खांद्यावर वागवतो आहे. बांधावरच पेटी उघडली. बाटल्यांमधून पत्रक काढलं. त्यावर औषधांचे डाग पडले होते, घडीवर ते विरलं होतं, पण वाचता येत होतं. मी वाचत गेलो. नारूची मादी पाण्याचा स्पर्श होताच हजारो पिल्लं सोडते, तेच ते दूध. ती पिल्लं पाण्यातल्या बारीक पाणपिसवांच्या पोटात जातात, पाण्याबरोबर त्या पिसवा माणूस गिळतो, आणि वर्षाने त्याच्या पायातून नवा नारू निघतो. पाणी दुपदरी कापडाने गाळून प्यावं. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाट बसवावेत. नारू झालेल्या माणसाने पिण्याच्या पाण्यात पाय घालू नये.

हे शेवटचं वाक्य तिने मला पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं की कागद कधीचा.

मी सांगितलं.

तिने कागद हातात घेऊन त्यावरचे डाग बोटाने चाचपले. चार शिव्या घातल्या असत्या तर मी तिचा ऋणी झालो असतो.

कागदावर विश्वास ठेवणारी बाई ती नव्हती. तिला बघायचं होतं. माझ्यापाशी लशीची पाती धुवायचा काचेचा पेला होता. बावीचं पाणी त्यात घेऊन तिने तो सूर्याकडे धरला. आधी काही दिसेना. मग पाणी स्थिर झालं आणि दिसलं. मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके, झटके देत वरखाली उडणारे. तिने ओढणीचं टोक दुहेरी केलं, पाणी गाळलं, पुन्हा पेला वर धरला. एकही ठिपका नाही. पुन्हा न गाळलेलं, पुन्हा गाळलेलं. असं तीनदा केलं. तिसऱ्या वेळी तिचे डोळे लुकलुकले, एखादं कोडं सुटल्यावर माणसाचे लुकलुकतात तसे. क्षणभरच. मग ती पायरीवर बसली आणि पेला बाजूला ठेवला.

"कागद तुमच्या पेटीत व्हता," ती म्हणाली, "आनि दूध माझ्या डोळ्यांम्होरं. वीस वरसं. किती पाय घातलं असतील मी पान्यात."

मी तिला शहाणपण शिकवलं. म्हटलं, लोकांना पत्रक वाचून दाखवू, पाणी गाळायला सांगू, पायऱ्या बंद करायला लावू. रोग कुणी आणला हे सांगायची काय गरज? झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने बाजूचा पेला पुन्हा उचलला.

"कुनीतरी आनला ह्ये तर त्यांना ठावं हाय. मी नाव सांगितलं न्हाय तर नाव लेकीचंच ऱ्हानार."

मुश्ताकचं गलबत बुधवारी लागलं. शुक्रवारच्या नमाजानंतर जहुराबीने मोहम्मदना निरोप धाडला की सगळ्यांनी बावीवर यावं. गाव आलं. मोहम्मद काठी टेकत आले. अख्तरुन्निसांना बाजेवरून आणलं. मुश्ताक बापाच्या मागे उभा होता, उन्हाने काळवंडलेला आणि कुणाकडेही न बघणारा. करमअलीला तिने मुद्दाम आणलं नव्हतं. त्याच काठावर, जिथं वर्षापूर्वी तिच्या खांद्यावर ओढणी पडली होती, तिथं ती पेला घेऊन उभी राहिली. तिने पेला हातोहात फिरवला, प्रत्येकाला ठिपके बघायला लावले. मी पत्रक वाचलं. मग ती बोलली.

"ह्या पान्यात नारू माझ्या लेकीनं आनला न्हाय. मी आनला. दावतीच्या दिशी भावाचा पाय ह्याच पान्यात घातला, तुमी सगळी बघत व्हता. पाय त्याचा, पन घातला मी. त्याला बोल न्हाय, पोरीला बोल न्हाय. तिला झाला न्हाय कारन ती पानी गाळते. सजा द्याची ती मला द्या."

तिची नजर एकदा माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता ही कागदाची तारीख सांगणार. ती नजर पुढे सरकली. मी पत्रकाची घडी घालत राहिलो. तोंड उघडायची तीच वेळ होती आणि मी ते उघडलं नाही. त्या पोरीचा संसार मोडायला आला त्यात माझाही हात होता, हे मी त्या गावात कधीच बोललो नाही. आज लिहितो आहे, आणि इतक्या उशिरा लिहिण्याला फारशी किंमत नाही हे मला कळतं.

मग मुश्ताक बापाला म्हणाला की तो फिरोजाला आणायला जातो आहे. मोहम्मदनी मान हलवली. बाजेवरून अख्तरुन्निसांचा आवाज आला.

"सून आमची, ती येऊ दे. पन विहीनबाय, तुमचा पाय फिरून ह्या गावात नको."

जहुराबी म्हणाली, "कबूल." निकाहात म्हणतात तसा एकच शब्द, स्वच्छ आवाजात. लगेच गाडीत जाऊन बसली.

पुढची चार वर्षं तिने तो शब्द पाळला. फिरोजा बाळंतपणाला माहेरी येई, पण लेकीचं घर जहुराबीने पाहिलं नाही. खाजणवाडीत ती नारू काढत राहिली, मात्र पाय बावीत नाही. घरच्या पडवीत मातीची परात, परातीत पाणी, आणि काम झाल्यावर ते पाणी बावीपासून लांब, तापलेल्या वाळूत. गावकरी वैतागले. बावीतल्या थंडाव्याची सर परातीला कुठली? हातगुण गेला म्हणाले, बाई उंडीवाडीहून भ्रमिष्ट होऊन आली म्हणाले. उन्हाळाभर ती बावीच्या वरच्या पायरीवर जुन्या मलमलीचे तुकडे घेऊन बसे आणि उतरणाऱ्या प्रत्येक बाईच्या हंड्याला एक तुकडा बांधी. कुणी बांधून घेई, कुणी हिसडा देई. ज्यांनी बांधून घेतला त्यांच्या घरात काय होतं आणि ज्यांनी हिसडा दिला त्यांच्या घरात काय होतं, हे ती पुढच्या वैशाखात जाऊन विचारून येई. तिचे प्रश्न काही थांबले नव्हते. हळूहळू हिसडे कमी झाले. मीही त्या दिवसापासून प्रत्येक गावात आधी पत्रक वाचायचो आणि मग पेटी उघडायचो. बाटल्या पुन्हा खडखडायला लागल्या, त्या खडखडू दिल्या.

उंडीवाडीत आजोबांच्या पायऱ्या बुजवायला मोहम्मद दोन वर्षं तयार होत नव्हते. दुसऱ्या वैशाखात पुन्हा अकरा जणांना झाला तेव्हा ते तयार झाले. शेवटच्या पायऱ्या दगडांनी बुजल्या, वर कठडा आला, कठड्यावर रहाट आला. १९३२ साली तिथं कुणालाही नारू झाला नाही. तेहतीस सालीही नाही.

तेहतीसच्या वैशाखात मी टोचणीला गेलो, तर अख्तरुन्निसांनी मला ओटीवर थांबवलं. गुडघा अखडलेला होता, चालताना अजून पाय ओढत होत्या. आतून त्यांनी एक कल्हईचा तांब्या आणला, तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं, आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या की बावीचं पाणी आहे, गाळलेलं. विहीणबाईंना द्या, आणि सांगा की पुढच्या गुरुवारी नातवाची सुंता आहे.

पाच कोस मी तो तांब्या मांडीवर धरून आलो. गाडीवाल्याला दर खड्ड्यापाशी ओरडत आलो. खाजणवाडीला पोचलो तेव्हा जहुराबी पडवीत होती. मी निरोप सांगितला. ती उठली. आतून काचेचा पेला आणला, माझाच तो, उंडीवाडीहून ती घेऊन आली होती आणि मी कधी मागितला नव्हता. तांब्यातलं पाणी त्यात ओतलं, उन्हाकडे धरलं आणि बघत राहिली. मीही बघत होतो. पाण्यात काहीच नव्हतं.

मग तिने मडक्यावरचं फडकं काढलं, दुहेरी केलं आणि ते गाळलेलं पाणी पुन्हा एकदा गाळलं. मी म्हटलं, अहो, विहिणीने एवढ्या मानाने पाठवलंय.

"विहीनबायचा भरोसा हाय," ती म्हणाली. "पान्याचा न्हाय."

आणि डोळे पुसून ती सगळं पाणी प्यायली. मग मला विचारलं की गुरुवारी गाडी किती वाजता निघते.